म्हणे, तत्त्वज्ञानाला स्कोप नाही!

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या घराघरांत एक सभा भरते. मामा, काका, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि ज्यांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे असे एक स्वयंघोषित मार्गदर्शक. निर्णय आधीच झालेला असतो. भरपूर मार्क पडले तर सायन्स, मध्यम पडले तर कॉमर्स, आणि उरलेल्यांची रवानगी आर्ट्सला. अशा सभेत एखाद्या मुलीनं म्हणून बघावं, ‘मला अकरावीला तत्त्वज्ञान घ्यायचंय.’ आधी सगळे एकमेकांकडे बघतात, मग हसतात, आणि मग तो अमर प्रश्न येतो : ‘त्याला स्कोप काय?’

हा प्रश्न विचारणारी माणसं अडाणी नसतात, म्हणून तर जास्त चीड येते. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, संस्थाचालक असे सगळे त्यांत असतात. त्यांचं म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांच्याहून नीट मांडू शकेन. ते असं : तत्त्वज्ञान, धर्म, नीतिशास्त्र हे म्हातारपणी वेळ घालवायचे विषय. ऐन उमेदीतल्या पोरांची दोन वर्षं त्यात कशाला घालवायची? धर्म हा देव्हाऱ्यातला विषय, तो वर्गात आणला की भांडणं लागणार. शिवाय आपलं राज्य धर्मनिरपेक्ष, घटनेत ते बसत नाही. नीती काय शिकवून येते? ती संस्कारानं येते. फार तर शाळेत चार श्लोक पाठ करून घ्या. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना त्यातलं कळतंय काय? आणि कळलंच, तरी शिकवणार कोण?

गंमत अशी की या मुद्द्यावर कट्टर आस्तिक आणि कट्टर नास्तिक मांडीला मांडी लावून बसतात. आस्तिकाला भीती, पोरगं प्रश्न विचारायला लागेल. नास्तिकाला भीती, पोरगं देवळात जायला लागेल. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांचं इतकं एकमत व्हावं, तर त्या मताची तपासणी करायलाच हवी. करूया.

आधी वस्तुस्थिती. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र असे दोन स्वतंत्र विषय आहेत. बालभारतीनं २०१९ मध्ये अकरावीची आणि २०२० मध्ये बारावीची त्यांची नवी पुस्तकंही काढली. म्हणजे मी काही परग्रहावरची मागणी करत नाही. विषय आहेत, पुस्तकं आहेत, परीक्षाही होते. पण कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन विचारा, सायन्सच्या मुलाला हे घेता येतात का? समोरचा माणूस तुमच्याकडे असा बघेल, जणू तुम्ही फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सत्यनारायण घालायला निघालात. आणि धर्मांचा अभ्यास हा शाळेच्या शेवटच्या वर्षांचा विषय होऊ शकतो, हे तर आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता स्कोप. चला, स्कोपच्याच भाषेत बोलू. ‘काहीच नाही जमलं तर यूपीएससी करेल’ हे वाक्य याच सभेत याच मामांच्या तोंडून येतं. मामा, त्या यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा एक अख्खा पेपर आहे, २५० गुणांचा. तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेतला तर त्याचे आणखी ५००. आपल्या एमपीएससीनंही राज्यसेवेची मुख्य परीक्षा त्याच वर्णनात्मक धर्तीवर नेली आहे. मग काय होतं? अकरावीत जो विषय फुकट मिळत होता आणि ज्याला आपण हसलो होतो, तोच विषय पोरगा बाविसाव्या वर्षी पुण्यात कॉट बेसिसवर राहून, क्लासची फी भरून शिकतो. काण्टचं नाव तो पहिल्यांदा झेरॉक्सच्या नोट्समध्ये वाचतो. ‘वरिष्ठानं खोट्या बिलावर सही करायला सांगितली तर तुम्ही काय कराल?’ या प्रश्नाचं उत्तर तो पाठ करतो. पाठ! वय गेलं, पैसे गेले, आणि विचार करायची सवय लागायची ती लागलीच नाही.

डॉक्टर व्हायचंय? एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग पहिल्या वर्षापासून ठेवलेला आहे, कारण रुग्णाला वाईट बातमी कशी सांगायची, त्याची संमती म्हणजे नेमकं काय, हे बायोलॉजीच्या पुस्तकात नसतं. या गावाला तर हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले. सोबतचे डॉक्टर एकेक करून परतले, कोटणीस राहिले, आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिकडेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. परक्या देशातल्या जखमी सैनिकाचं मी काय देणं लागतो? घरच्या माणसांचं त्याहून जास्त लागतो की कमी? हा नीतिशास्त्राच्या पहिल्या तासाचा प्रश्न आहे. त्यांच्या नावानं आपण स्मारक उभारलं, जयंतीला हार घातला, आणि प्रश्न तेवढा वगळला.

पण स्कोपच्या मैदानावर मी फार वेळ थांबणार नाही, कारण ते मैदानच चुकीचं आहे. बारावीला कॅल्क्युलस शिकलेल्या किती जणांना नंतर आयुष्यात इंटिग्रेशन करावं लागलं? कुणी विचारतं? नाही. गणितानं डोकं तयार होतं म्हणून ते शिकायचं, हे आपण मुकाट मान्य करतो. मग आई-वडिलांशी खोटं बोलावं का, मेल्यावर काय होतं, बहुमत म्हणजे न्याय का, शेजाऱ्याचा देव खोटा आणि माझा खरा हे मी कशावरून म्हणतो, असल्या प्रश्नांनी डोकं तयार होत नाही का? इंटिग्रेशन न करता माणूस सुखानं मरतो. या प्रश्नांची उत्तरं न देता जगलेला माणूस मात्र मला अजून भेटायचाय. प्रत्येक जण ती देतोच. बहुतेक जण दुसऱ्याची, न तपासलेली.

दुसरा मुद्दा घटनेचा. हा मुद्दा काढणाऱ्यांनी घटनेचं कलम २८ एकदा स्वतः वाचावं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कुणाला त्याच्या संमतीविना धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं नाही, असं ते सांगतं. म्हणजे अमुक देव माना, अमुक पूजा करा, हे शिकवायला बंदी. अमुक लोक कोणता देव मानतात, का मानतात, त्यावर त्यांच्याच परंपरेतल्या कुणी काय आक्षेप घेतले, याचा अभ्यास करायला बंदी नाही. हा माझा अर्थ नाही. अरुणा रॉय प्रकरणात १२ सप्टेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक केला. एखाद्या पंथाची शिकवण मनात भरवणं वेगळं आणि धर्मांचा अभ्यास वेगळा. दुसऱ्याला घटनेची आडकाठी नाही. स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या नेमलेल्या राधाकृष्णन आयोगानंही महाविद्यालयीन मुलांसाठी क्रम सुचवला होता : आधी थोर धार्मिक नेत्यांची चरित्रं, मग निवडक धर्मग्रंथ, मग धर्माचं तत्त्वज्ञान. आणि १९९९ मध्ये संसदेच्या ज्या समितीनं सर्व धर्मांच्या तत्त्वज्ञानाचा तौलनिक अभ्यास शाळेपासून विद्यापीठापर्यंत असावा असं म्हटलं, तिचे अध्यक्ष कोण होते? नांदेडचे शंकरराव चव्हाण. शिस्तीमुळे ज्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत, ते! तेव्हा ‘घटनेत बसत नाही’ ही सबब आता बंद करावी.

राहिली भांडणं. धर्म वर्गात आणला तर भांडणं लागतील, म्हणतात. बरं, वर्गात आणला नाही, तर लागली नाहीत का? २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापूर पेटलं ते कुठल्या अभ्यासक्रमामुळे? मोबाइलवरच्या स्टेटसमुळे. शाहू महाराजांचं कोल्हापूर ते! सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना धर्म आज शिकवला जातोच आहे. तो मोबाइलवर शिकवला जातो, मिरवणुकीतल्या डीजेवर शिकवला जातो, चौकातल्या फ्लेक्सखाली शिकवला जातो. तिथं हजेरी शंभर टक्के असते आणि शंका विचारायला बंदी असते. वर्गात निदान एक माणूस खडू घेऊन उभा असतो, समोर दुसऱ्या धर्माचा मित्र बसलेला असतो, आणि ‘हे कशावरून?’ असं विचारायची सोय असते. धर्म शिकवावा की नाही, हा प्रश्न कधीच निकालात निघाला. आता प्रश्न एवढाच, की तो फ्लेक्सनं शिकवायचा की शिक्षकानं.

आणि हे सोलापुरात बोलतोय आपण. एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, पूर्व भागात तेलुगू आणि पलीकडे उर्दू, असं हे गाव. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात या गावचे चार स्वातंत्र्यसैनिक फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. नावं नुसती वाचली तरी गावचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. त्या चौघांचे पुतळे दाखवून आपण एकोप्याची भाषणं करतो. कुर्बान हुसेन यांच्या घरात देवाची कल्पना काय होती आणि मल्लप्पा धनशेट्टी यांच्या घरात काय होती, हे मात्र आपल्या बारावीच्या पोराला सांगता येत नाही. एकोपा, पण अनोळखी माणसांचा!

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘संस्कार हवेत, अभ्यास कशाला?’ २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय यांच्या पाठांतराची सूचना होती, आणि मनुस्मृतीतला एक श्लोकही होता. त्यावरून राज्यभर रण पेटलं. एका बाजूनं ‘पाठ कराच’, दुसऱ्या बाजूनं ‘नावही नको’. तिसरं कुणी बोललंच नाही, की बाबांनो, वाचा तरी! गीता सुरू होते ती ऐन रणांगणावर एका माणसाला पडलेल्या नैतिक पेचानं. अठरा अध्याय तो शंका काढतो, आणि शेवटी श्रीकृष्ण त्याला सांगतो की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. विचार कर, असं भगवंत म्हणतो. पाठ कर, असं आमचे शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. कुणाचं ऐकायचं? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात याच गीतेवर काण्ट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांना समोर बसवून वाद घातला आणि १९१५ मध्ये ‘गीतारहस्य’ छापलं. ते पुस्तक आज बऱ्याच घरांत आहे. काचेच्या कपाटात.

पाठांतरानं काय साधतं ते आपल्याच गड्ड्याच्या यात्रेत बघा. मकर संक्रांतीच्या सुमारास शहर सिद्धरामेश्वरांचं होतं. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. पांढरी बाराबंदी घातलेला अकरावीतला पोरगा नंदीध्वज तोलायला उभा राहतो. कमरेचा पट्टा आवळलेला, मान ताठ, वर तो उंचच्या उंच ध्वज. त्या वजनाखाली पाऊल कसं टाकायचं हे त्याला आजोबांनी शिकवलेलं असतं आणि तो ते चोख करतो. आता त्याला विचारा, सिद्धराम काय म्हणत होते? त्यांची वचनं कन्नडात आहेत. एक तरी अर्थासकट माहीत आहे? गप्प. हा दोष पोराचा नव्हे. त्याला ध्वज पेलायला शिकवणारे भेटले, विचार पेलायला शिकवणारे भेटले नाहीत.

आणि ते विचार काय तोलाचे होते! बाराव्या शतकातली गोष्ट, ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात आलेली. सोन्नलिगेत, म्हणजे या आपल्या गावात, सिद्धराम हजारो माणसं लावून तळं खोदत होते, देवळं बांधत होते. तिथं अल्लमप्रभू आले आणि सगळ्यांसमोर सिद्धरामांना ‘ओड्डा’ म्हणजे माती खणणारा म्हणून हाक मारली. कामकरी चिडले, त्यांनी दगड उचलले. अल्लमप्रभूंचा सवाल एवढाच होता : एवढं तळं खोदलंस, पण खोदणारा कोण ते तुला कळलंय का? स्वतःला न ओळखता केलेल्या लोकसेवेचा उपयोग काय? मग वाद झाला, खरा वाद, दगडांविना. शेवटी दोघं मिळून कल्याणला, बसवेश्वरांच्या अनुभव मंटपाकडे गेले.

‘उपयोग काय?’ हा प्रश्न सोलापुरात नवा नाही, हे आता ध्यानात आलं असेल. आठशे वर्षांपूर्वी तो याच मातीत विचारला गेला, फक्त उलट्या दिशेनं. तेव्हा तळ्याला विचारलं होतं, ज्ञानाशिवाय तुझा उपयोग काय? आज आपण ज्ञानाला विचारतो, पॅकेजशिवाय तुझा उपयोग काय? तळं अजून आहे, आपण संध्याकाळी त्याच्याकाठी भेळ खातो. वाद तेवढा आपण बुजवून टाकला.

बरं, हा वाद एकट्या सिद्धरामांचा नाही. मंगळवेढ्याला बिज्जल राजाच्या चाकरीत राहिलेल्या बसवेश्वरांनी कायक म्हणजे काम हीच उपासना मानली. अरणच्या सावता माळ्यांनी मळा सोडून पंढरीला जायची गरज मानली नाही. मंगळवेढ्याचेच चोखोबा मात्र पंढरीला गेले, आणि देवळाच्या पायरीपाशी थांबवले गेले. काम मोठं की भक्ती? भक्ती सगळ्यांची सारखी असेल तर दार काहींनाच का? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी याच दारासाठी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपाशी राहिले. अकरावीच्या वर्गात विचारा : उपोषण हा दुसऱ्याच्या विवेकाला केलेला आग्रह, की त्याच्यावर टाकलेलं दडपण? तिथल्या विठ्ठल मंदिरातल्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्यानं काढले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. विचारा : पिढ्यान् पिढ्या चालत आला म्हणून एखादा हक्क न्याय्य ठरतो का? अॅरिस्टॉटल, काण्ट नंतर येऊ देत. सोलापूर जिल्हा हाच मुळात दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपण त्याला तीर्थक्षेत्र विकास आराखडा समजून बसलोय.

विद्येची परंपरा नाही म्हणाल, तर तीही आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून सोलापुरात जैन संस्कृति संरक्षक संघाची जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. आदिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी ती संपादित केली. सोमदेवाच्या ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथावर आसामच्या कृष्णकांत हंदिकी यांनी इंग्रजीत लिहिलेला जाडजूड अभ्यास १९४९ मध्ये छापून निघाला तो कुठून? सोलापुरातून. दहाव्या शतकातल्या जैन पंडितावर आसामचा विद्वान लिहितो आणि चादरींच्या गावात ते पुस्तक निघतं, कारण इथल्या एका माणसाला ते महत्त्वाचं वाटलं. त्यानं स्कोप विचारला नव्हता.

‘नीती शिकवून येत नाही’ असंही एक पालुपद आहे. एवढं मी मान्य करतो : नीतिशास्त्रात शंभरपैकी शंभर मिळवलेला माणूस उद्या लाच घेऊ शकतो. नागरिकशास्त्र शिकलेला माणूसही मतदानाच्या दिवशी सुट्टी समजून महाबळेश्वरला जातो. म्हणून नागरिकशास्त्र बंद केलंत का? आणि ज्या संस्कारांवर एवढा भरवसा आहे, त्यांचा हिशोब तरी मांडा. दर फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेला सरकारला कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं. भरारी पथकं, बैठी पथकं, केंद्राबाहेर पोलीस. खिडकीतून चिठ्ठी पोचवणारा तो काका, मामा, दादा संस्कारी घरातलाच असतो ना? २०२४ च्या नीटच्या घोटाळ्याचे धागे शेजारच्या लातूरपर्यंत आले, तेव्हा तिथं श्लोक कमी पडले होते का? कॉपी का करू नये, यावर आपण पोराशी कधी बोललोच नाही. ‘सापडशील’ एवढंच सांगितलं. मग न सापडण्याची विद्या तेवढी त्यानं शिकून घेतली.

आता आमच्या पुरोगामी मित्रांकडे वळतो, कारण त्यांनाही सोडण्याचं कारण नाही. ते म्हणतात, धर्म शिकवला की अंधश्रद्धा वाढेल. जोतीराव फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघालं. नाव वाचा, त्यात धर्म आहे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि नागपूरला दीक्षा घेतली ती १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं राजकारण, घटना, मंत्रिपद यांच्या धबडग्यात त्यांनी धर्मांचा अभ्यास सोडला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हे त्याचं फळ. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धर्मकोशाचे खंड संपादत होते आणि बाहेर सुधारणेची बाजू लढवत होते. धर्माची चिकित्सा धर्म न वाचता करता येते, असं यांतल्या कुणालाही कधी वाटलं नाही. ते फक्त त्यांच्या आजच्या वारसांनाच वाटतं. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी प्राण दिले. कायदा करणी-भानामती करणाऱ्याला पकडेल. श्रद्धा कुठं संपते आणि अंधश्रद्धा कुठं सुरू होते, हे पोराला कोण दाखवणार? पोलीस ठाणं?

‘सोळाव्या वर्षी काय कळतं?’ या आक्षेपाला मला फार लांबचं उत्तर शोधावं लागत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हा सांगणाऱ्याचं वय पंधरा-सोळा होतं. सोळा वर्षांच्या मुलानं सांगितलेल्या ग्रंथाची आपण सातशे वर्षं पारायणं करतो, आणि सोळा वर्षांच्या मुलाला तो कळणार नाही असं त्याच तोंडानं म्हणतो. सगळी मुलं ज्ञानेश्वर नसतात, कबूल. सगळी मुलं न्यूटनही नसतात, तरी त्यांना गतीचे नियम शिकवताच ना? अठरा पूर्ण झाली की हेच पोरगं मत देणार, सरकार निवडणार. मरणावर प्रत्यक्ष यमाला प्रश्न विचारणारा नचिकेत हा आपल्याच उपनिषदातला मुलगा. त्याचे वडीलही त्याच्या प्रश्नांवर चिडले होते, हे मात्र आपण अगदी इमानानं पुढं चालवलंय.

जग काय करतं, तेही बघा. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी सर्वसाधारण आणि तांत्रिक शाखांच्या मुलांना तत्त्वज्ञान सक्तीचं असतं, आणि चार तासांचा पेपर असतो. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला धर्माभ्यास हा विषय आहे : धर्माचं तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि एका धर्माचा सखोल अभ्यास, तिथल्या एका परीक्षा मंडळानं त्यात हिंदू विचाराचाही पर्याय ठेवलाय. उद्या एखाद्या सोलापूरकराच्या लंडनमधल्या नातवानं गणिताच्या जोडीला तो घेतला आणि ए ग्रेड मिळवली, तर इथं पेढे वाटले जातील. त्याच्याच चुलत बहिणीनं जुळे सोलापुरात हाच विषय मागितला, तर तिला समजूत घालायला मामांना बोलावलं जाईल.

शेवटचा मुद्दा शिक्षकांचा. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत. हे कारण नव्हे, हा आळस आहे. जिथं जागा रिकामी होते तिथं ती भरायची नाही, मग विषय बंद करायचा, आणि मग ‘मागणीच नव्हती’ असा अहवाल द्यायचा. नीटच्या क्लाससाठी राजस्थानातून मास्तर आणणाऱ्या गावाला तत्त्वज्ञानाचा एक एम. ए. सापडत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं कला आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती पाडायला सांगितल्या आहेत, नैतिक निर्णयासाठी मुलांना तर्कशुद्ध चौकट द्या असंही त्यात लिहिलंय. धोरणाचे फलक प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात लागले. भिंत तेवढी शाबूत आहे.

म्हणून माझं म्हणणं सौम्य करायची मला काही गरज वाटत नाही. धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती यांचा अभ्यास ही अकरावी-बारावीतली चैन नाही, ती तिथली पहिली गरज आहे. हा अभ्यास श्रद्धा लादण्यासाठी नाही आणि काढून घेण्यासाठीही नाही. जे आपण मानतो ते का मानतो हे सांगता यावं, आणि दुसरा मानतो ते ऐकता यावं, एवढ्यासाठी तो आहे. तो सायन्सच्या पोराला हवा, कॉमर्सच्या हवा, आयटीआयच्याही हवा. ज्या गावात अल्लमप्रभूंनी सिद्धरामांना भर कामावर अडवून प्रश्न विचारला, त्या गावाला ‘आमच्याकडे असले विषय चालत नाहीत’ असं म्हणायचा अधिकार नाही.

पालकांनो, यंदा प्रवेशाचा अर्ज भरताना कॉलेजच्या खिडकीवर कट ऑफ विचाराल, क्लासशी टाय-अप आहे का ते विचाराल. सोबत एवढंही विचारा : तत्त्वज्ञान शिकवता का, कोण शिकवतं, आणि सायन्सच्या मुलाला ते घेता येतं का? नाही म्हणाले तर लेखी कारण मागा. शंभर पालकांनी ते मागितलं की तुमची ती मागणी तयार होईल आणि शिक्षकही सापडेल. आणि घरच्या सभेत पोरगी तत्त्वज्ञान घेते म्हणाली, तर स्कोप विचारण्याआधी तिला कुठला प्रश्न पडलाय तो विचारा.